खोक्यात पुढचं नाही

खोक्यावर लिहिलं होतं: नवशिक्यांसाठी.
इरण्णा म्हणाला, म्हणजे आपल्यासाठीच की बे.
आत एक पातळ वही, पहिल्याच पानावर
हे आधी वाचा.
ते आम्ही सगळ्यात शेवटी वाचलं.

सात फासे, निळे. त्यातला एक वीस बाजूंचा,
तहसीननं बोर म्हणून तोंडाजवळ नेला आणि हसली.
पाच तयार माणसं, पाच कागदांवर:
बळ किती, शहाणपण किती, कमरेला काय,
आधी काय करत होता ते एका ओळीत.
नावाची जागा तेवढी कोरी.

लच्छूनं जादूगार घेतला,
लांबून लढणाऱ्याला मार कमी बसतो म्हणून.
(तसं नसतं.)
तहसीनला कुऱ्हाडवाली बुटकी. तिचं नाव तिनं ठेवलं साखरपेठ.
मोठे लोक गावाचं नाव लावतात, मी पेठेचं लावते.
इरण्णा चोर. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो तो,
म्हणाला, अनुभव आहे.
उरले मी. जो उरेल त्यानं गोष्ट सांगायची,
हे वहीत नव्हतं, आमच्यात ठरलं.

एप्रिल. रात्री दहालाही गच्चीची फरशी पायाला लागत होती.
पाणी पाचव्या दिवशी, म्हणून पिंपं रांगेत,
आणि पिंपांच्या मधल्या जागेत आम्ही चौघं,
कडक भाकरी, शेंगाचटणी, एक गुहा.
गुहेत गोब्लिन. त्यांना भुतं म्हणावं
तर खालच्या काकू लिंबू-मिरची घेऊन वर आल्या असत्या.

लच्छूचा पहिलाच फासा: एक.
पिंपाखाली गेला. मोबाइलच्या उजेडात शोधला, तरी एकच.
वहीत होतं, एक म्हणजे चूक;
केवढी, ते सांगणाऱ्यानं ठरवावं.
मी ठरवलं, तुझी दाढी पेटली.
लच्छूनं खरंच हनुवटी चाचपली.
तोवर आम्ही नियम पाळत होतो. तिथून खेळायला लागलो.

सहा रविवारांत खोकं संपलं.
शेवटच्या पानावर: यापुढचं तुम्ही रचा.
असं कसं, तहसीन म्हणाली, पैसे तर पुरे घेतले.

नायनांच्या कपाटात आलेखाच्या कागदांचा गठ्ठा होता.
चाळीस वर्षं त्यांनी त्यावर चादरी काढल्या,
मोर, कमळ, एकेक चौकट रंगवून;
मग पुठ्ठ्याला भोकं पडत, आणि भोकांचं ऐकून माग चाले.
आता ते सगळं संगणकावर.
कागद कडेनं पिवळे.

मी भुयार काढलं. काळी चौकट भिंत, कोरी चौकट वाट.
नायना चहा घेऊन मागे उभे.
कुठलं डिझाइन हे?
डिझाइन नाही, भुयार.
बशी बाजूला ठेवून ते बोटानं मोजत गेले,
ओकटी, रेंडू, मूडू,
सतरावर थांबले.
एवढी घरं सलग रिकामी सोडतात होय?
बाणा लोंबेल. कुणाच्या तरी बांगडीत अडकेल.

म्हटलं, राक्षसाचा दिवाणखाना आहे तो.
असू दे की राक्षसाचा. मध्ये धरायला काहीतरी लागतं.
पेन्सिल घेतली, एक चौकट भरली. खांब.
आणि या खोलीला दार नाही.
ते मुद्दाम आहे, मी म्हटलं.
मुद्दाम? असं म्हणून
त्या चार भिंतींकडे बराच वेळ बघत राहिले.
चहावर साय धरली.

रविवारी साखरपेठ त्याच खांबामागे लपली,
राक्षसाची गदा खांबावर आपटली,
तिची तीन बळं शिल्लक असताना.
रात्री सांगितलं मी, नायना, खांबानं वाचवलं एकीला.
कोण, कुणापासून, त्यांनी विचारलं नाही.
एक घर डावीकडे घ्यायला पाहिजे होता, म्हणाले,
आणि नळाला सूं आवाज आला तसे
पिंप लावायला उठले.